भुंग्याचा पत्ता

१

वीज गेली आणि परत आली, की शिवणवाल्या ताईला एक जादा काम लागायचं. भुंग्याच्या डब्याचा पत्ता शोधायचा.

भुंगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. हा पोरगा लहानपणापासून तोंड मिटून गुणगुणायचा. जेवताना, आंघोळ करताना, परीक्षेला बसला तरी. एकदा मास्तरांनी पेपरातून उठवून बाहेर बसवला होता त्याला. पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करून पोटापाण्याला लागला, तरी गुणगुण काही सुटली नाही. घरात भुंगा आहे की नाही हे बघायला डोळे लागायचे नाहीत, कान पुरायचे.

त्याने ताईसाठी एक कॉम्प्युटर जुळवून दिला होता. ना स्क्रीन, ना कीबोर्ड, नुसता काळा डबा. बाहेरच्या खोलीत जिथे ताई गिऱ्हाइकांची ट्रायल घ्यायची, त्या पडदा लावलेल्या कोपऱ्याच्या वर एक फळी होती, त्या फळीवर तो बसलेला असायचा. पोटात ताईची सगळी आवडती गाणी. ताई दिवसभर पायमशीनवर, हाताला उसंत नाही, म्हणून गाणं बदलायचं ते मोबाईलवरून. पण वीज गेली की डब्याचा पत्ता बदलायचा. आता पत्ता म्हटल्यावर गल्ली न् घर नंबर डोळ्यांपुढे आणू नका. घरातल्या घरात मोबाईलने डब्याला कुठे हाक मारायची, तेवढ्यापुरता आकडा तो. बाहेरच्या जगाला त्याचं सोयरसुतक नसतं.

त्यासाठी भुंग्याने तिच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. ते उघडायचं, ‘शोधा’ दाबायचं, की घरच्या नेटवर जे जे जोडलेलं असेल ते एकाखाली एक उमटत जायचं. ताईचा मोबाईल, आईचा मोबाईल, टीव्ही आणि भुंगा. डब्याला आपलंच नाव देऊन मोकळा झाला होता, एवढा शहाणा. त्या नावासमोरचा आकडा घ्यायचा, गाण्यांच्या ॲपमध्ये टाकायचा, की गाणं सुरू.

“ही उठाठेव कशाला रे दरवेळी?” ताई वैतागायची. “पत्ता एकदाच पक्का करून टाक की.”

“टाकतो. मग तुला माझी गरज काय उरली?”

गेल्या वर्षी एका दुपारी त्या डब्याचा पंखा घरघरायला लागला. भुंगा तेव्हा पडद्यामागे उभा राहून नवा शर्ट घालून बघत होता, निळ्या रेघांचा. उजवी बाही अजून कच्च्या टाक्यावर होती. म्हणजे पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून नुसती टाचलेली. अंगात नीट बसली की मग पक्की शिलाई मारायची आणि कच्चा दोरा ओढून टाकायचा. टाचलेल्या कपड्यावर कुणी उंबरा ओलांडायचा नाही, हा ताईचा नियम. भल्याभल्या बायकांना तिने दारातून माघारी बोलावून कपडा उतरवायला लावला होता. पण भाऊ तो भाऊ.

“पंखा बदलून आणतो. तासाभरात आलोच. आल्यावर बाही मार.”

डबा पिशवीत घातला आणि गुणगुणत जिना उतरून गेला. तो काही परत आला नाही.

२

चौकीवर ताईने त्याचं वर्णन दिलं. कापड कसलं, कॉलर केवढी, खिशाचा कोपरा कसा गोल, उजव्या काखेत पांढरा दोरा. लिहून घेणारा साहेब शेवटी म्हणाला, “बाई, शर्टाचं पुरे. माणसाचं सांगा.” तिने खांदा, छाती आणि बाहीचं माप सांगितलं. साहेबाने पेन खाली ठेवलं.

वर्ष गेलं. दवाखाने झाले, स्टँड झाले, त्याच्या मित्रांची घरं झाली. मधल्या काळात घरचा राउटर जळला. नेटवाल्याने नवा बसवला, जुना ताईने स्वतः वायर गुंडाळून भंगारवाल्याच्या हातात दिला. आईची झोप मात्र उडाली ती उडालीच. गोळ्या झाल्या, काढे झाले. म्हातारी रात्रंदिवस छताकडे बघत पडून राहायची आणि जिन्यात पाऊल वाजलं की मान उचलायची.

ताईची सवय तेवढी गेली नाही. वीज गेली, आली, की तिचा हात आपसूक मोबाईलकडे जायचा आणि ‘शोधा’ दाबायचा. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं. ताईचा मोबाईल, आईचा मोबाईल, टीव्ही. संपलं. मोबाईल बाजूला ठेवायचा आणि पुढचा कपडा ओढायचा.

त्या दुपारी वीज गेली तेव्हा ती एका लग्नाच्या परकराला नाडीपट्टी लावत होती. थोड्या वेळाने मोबाईलवर नेटच्या दांड्या भरलेल्या दिसल्या. आली बाई एकदाची, असं पुटपुटून तिने ‘शोधा’ दाबलं.

ताईचा मोबाईल.

भुंगा. १९२.१६८.१.७

बस, दोनच नावं. ताई बघतच राहिली. मग ती मोठ्याने “आई!” म्हणून ओरडली. डबा त्याच्याजवळ. डबा घरच्या नेटवर आला म्हणजे तो जिन्यात आहे, दारात आहे! ती धावत गेली, दार उघडलं, जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली. समोरचा चावीवाला आपल्या खुर्चीत पेंगत होता. दुसरं चिटपाखरू नव्हतं.

धापा टाकत ती वर आली, तेव्हा कुठे तिचं लक्ष छताकडे गेलं. पंखा बंद होता. राउटरचे दिवे बंद होते. वीज अजून आलेलीच नव्हती.

३

“जुनं काहीतरी मोबाईलच्या डोक्यात राहिलं असेल,” नेटवाला म्हणाला. पोरगेलासा, बडबड्या माणूस, कमरेला पक्कड लटकवून फिरायचा. “असं होतं ताई. मोबाईलला वेड लागायला काय लागतं!”

दुसऱ्या दिवसाची दुपार होती, आणि आता वीज होती. ताईला तेच ऐकायचं होतं, आणि तेच ऐकायचं नव्हतं. तिने मोबाईल पुढे केला. भुंगा अजून तिथेच होता.

नेटवाल्याने मोबाईल खालीवर केला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ताई, हे तुमचं नेट नाही. मी लावून दिलेल्या नेटचं नाव वेगळं. ‘भुंग्याचं घर’ हे कुठलं?”

“आमचंच. जुनं. त्यानेच ठेवलेलं नाव.”

“जुना राउटर कुठाय?”

“भंगारात. जळला म्हणून तूच सांगितलंस ना रे!”

“हो, मीच.” त्याने मान खाजवली. “मग शेजारच्या कुणीतरी तेच नाव ठेवलं असणार. गंमत म्हणून. पण पासवर्डही तोच पाहिजे, त्याशिवाय तुमचा मोबाईल आपोआप आत जाणार नाही. पासवर्ड कुणाला माहीत होता?”

“मला न् त्याला.”

पासवर्ड म्हणजे भुंग्याची मापं होती, ओळीने. खांदा, छाती, बाही. ताई दुनिया विसरेल पण माप विसरणार नाही, म्हणून त्याने ते ठेवलं होतं.

“बरं, हाक मारून बघू,” नेटवाला म्हणाला. त्याच्या धंद्यात तसं करतात म्हणे. एक यंत्र दुसऱ्याला हाक मारतं आणि दुसरं ओ देतं. ओ यायला किती वेळ लागला त्यावरून काय ते कळतं. त्याने काहीतरी दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग तो दाबायचा थांबला आणि नुसता बघत राहिला.

“काय झालं? लांब आहे का तो?”

“लांब नाही.” त्याचा आवाज उतरला होता. “ताई, मी हाक मारायच्या आधीच ओ येतेय.”

नेटवाल्याने मोबाईल तिच्या हातात असा ठेवला, जणू चटका बसत होता. स्क्रीनवर त्या नेटच्या नावाखाली एक बटण होतं, ‘विसरा’.

“हे दाबा. एकदा दाबलं की मोबाईल त्याच्याकडे परत जाणार नाही. पासवर्ड पुन्हा टाकू नका म्हणजे झालं.”

“अरे पण तो माझा भाऊ...”

“ताई, तुमच्या नेटवर तो आला असता, तर मी म्हटलं असतं भाऊ आला.” त्याने पिशवी उचलली. “तो नाही आला तुमच्याकडे. तुमचा मोबाईल त्याच्याकडे गेलाय.”

एवढं बोलून तो जिना उतरला तो चहालाही थांबला नाही. त्याची पक्कड टेबलावर राहिली. निरोप दोनदा पाठवूनही तो ती न्यायला आला नाही.

ताईने ‘विसरा’वर बोट नेलं आणि तसंच ठेवलं. ‘विसरा’ म्हणे. वर्षभर जो उठतो तो हेच सांगतो. साहेबाने सांगितलं, मामाने सांगितलं, आता मोबाईलही सांगायला लागला. तिने मोबाईल पालथा टाकला.

४

आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ताईने स्वतःलाच विचारून पाहिलं. रडून रडून माणसाला भास होतात, हे तिला कळत होतं. पण भास नेटवाल्याला कसा होईल? आणि भास असेल तर असो बापडा, तिला तो सोडायचा नव्हता. तिला भाऊ पाहिजे होता. कसाही, कुठूनही, लंगडा, आंधळा, वेडा झालेला, पण पाहिजे होता.

मोबाईल हातात धरून ती घरभर फिरली. स्वयंपाकघरात एक दांडी. आईच्या खोलीत दोन. जिन्यात एकही नाही, गच्चीवर तर नावच गायब. बाहेरच्या खोलीत तीन. ट्रायलच्या कोपऱ्यासमोर सगळ्या.

पडदा ओढलेला होता. ती तो कधी दिवसाचा ओढून ठेवत नसे, ओढला की खोली अंधारते. सकाळी मीच ओढला असेन, असं म्हणत तिने तो सारला. आत एक स्टूल, दोन खुंट्या, वर रिकामी फळी. फळीवर धूळ होती आणि धुळीत डब्याएवढा चौकोन कोरा होता. वर्ष झालं तरी त्या चौकोनात धूळ बसली नव्हती. हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

मागे आईच्या हसण्याचा आवाज आला.

आई हसत होती! ताई आत गेली तर म्हातारी उशीवर डोकं टेकून, डोळे चोळत होती. चेहऱ्यावर झोपेच्या घड्या.

“किती दिवसांनी डोळा लागला गं,” ती म्हणाली. “तू कपाळावर हात ठेवलास आणि काय झालं कळलंच नाही. पण हात किती गार तुझा! पाण्यात होतीस काय?”

“मी कुठे...” ताई म्हणायला गेली आणि गप्प बसली. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जरा कमी झाली होती. एवढ्या दिवसांनी बिचारीला सुख लागलंय, कशाला उगीच.

मग रोज दुपारी तेच होऊ लागलं. जेवण झालं की आईला झोप यायची. पहिल्यांदा घटकाभर, मग तासभर, मग चहाची वेळ टळून जाईपर्यंत. ताई मशीनवर बसलेली असायची. आईच्या खोलीचं दार किलकिलं असायचं आणि कोपऱ्याचा पडदा ओढलेला असायचा. कोण ओढतं, हे ताई स्वतःला विचारत नव्हती. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

५

पुन्हा वीज गेली तेव्हा आकाश दाटून आलं होतं, भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाली होती. मोबाईलवर ‘भुंग्याचं घर’ होतंच. भुंग्याचा पत्ता बदलला होता, वीज गेल्यावर बदलायचा तसा. ताईने तो नवा आकडा घेतला आणि वर्षभरात पहिल्यांदा गाण्यांच्या ॲपमध्ये टाकला.

गाणी उघडली. सगळी तिची गाणी, त्याने नीट लावून ठेवलेली. तिचे डोळे भरून आले. तिने एका गाण्यावर बोट टेकवलं, त्याचं सगळ्यात नावडतं, मुद्दाम.

पडद्यामागून गुणगुण सुरू झाली.

तेच गाणं. तोच आवाज, नाकातून येणारा, तोंड मिटलेला. ताईच्या हातातली कात्री खाली पडली. गुणगुण थांबली नाही.

“भुंग्या?”

तिने दुसऱ्या गाण्यावर बोट ठेवलं. गुणगुण मधेच तुटली आणि दुसरं गाणं सुरू झालं. तिसऱ्यावर ठेवलं, तिसरं. रडता रडता तिला हसू फुटलं. अरे माझ्या राजा! किती दिवस असा गप्प बसलास रे! ती मशीनवरून उठली, पडद्यासमोर जमिनीवर बसली आणि एकामागून एक गाणी लावत सुटली.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की तो मधे श्वास घेत नाहीये. भुंगा गुणगुणायचा तेव्हा कडव्याच्या शेवटी नाकाने सूं करून हवा ओढायचा. आई त्यावरून त्याला चिडवायची. हा आवाज एकसारखा चालला होता, दोरा रिळावरून सुटावा तसा. ताईने नकळत स्वतःचा श्वास रोखून धरला होता. तिला गुदमरायला झालं, तिने श्वास सोडला, तरी पलीकडची गुणगुण चालूच होती.

पडदा सारायला तिचा हात उठला. पण आधी सारला होता तेव्हा आत काहीच नव्हतं, हे तिला आठवलं. सारला की जाईल. आत्ता आहे, सारला की जाईल. तिने पडदा तसाच ठेवला, बाजूच्या फटीतून फक्त हात आत घातला आणि डोळे मिटले.

बोटांना कापड लागलं.

आपली शिलाई अंधारातही ओळखते ती. खांद्यावरची दुहेरी टीप तिची होती. कॉलरची पट्टी तिची. बोटं पुढे सरकली आणि उजव्या काखेशी लांब, सैल, जाडा दोरा लागला. टोकाला तिची ती दोन वेढ्यांची गाठ.

“अजून तोच अंगात का रे,” ती म्हणाली. तिला रडू आवरेना. “वर्षभर टाचलेल्या शर्टात फिरलास?”

गुणगुण थांबली.

“ताई,” पडद्यामागून आवाज आला. “बाही राहिलीये.”

६

ताईच्या गळ्यात टेप होतीच. ती दिवसभर असतेच. आवाज भुंग्याचा, शर्ट भुंग्याचा. मग आता शंका कसली? तिने मनाला दटावलं. माप घे, माप खोटं बोलत नाही. माप जुळलं की झालं.

डोळे न उघडता तिने खांद्यावर टेप धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टेपवर नख दाबून हात बाहेर काढला. डोळे उघडून नखापाशी बघितलं. खांदा बरोबर. नखभरही फरक नाही. तिला हायसं वाटलं. तोच आहे. आहे, तोच आहे!

मग बाही. खांद्याच्या टोकाला टेप लावली आणि दुसरा हात बाहीवरून खाली सोडला. कोपर आलं. बाहीची कड आली, बाही तिथे संपली. त्याच्याखाली उघडा हात, गार. बाही आखूड झाली, ती मनाशी म्हणाली, आता लगेच मनगट येईल. बोटं खाली गेली. मनगट आलं नाही. आणखी खाली गेली. हात जमिनीला लागला होता आणि तिथून वळला होता. ती चाचपत राहिली. टेप संपली, तरी मनगट आलं नव्हतं.

लांब पडद्याचं कापड मोजताना करतात तसं तिने केलं. टेप संपली तिथे बोट दाबून ठेवलं आणि तिथूनच पुन्हा टेप लावली. दुसरं काय करणार? हात मोजायला बसलेली बाई होती ती. पडद्याच्या खालून तो गार हात बाहेर आला होता आणि भिंतीच्या कडेने चालला होता. गुडघ्यांवर सरकत, बोटांनी माप पुढे नेत, ताई त्याच्या मागोमाग गेली. शिलाई मशीनच्या मागून. कपाटाच्या मागून. टेप पुन्हा संपली, तिने पुन्हा लावली. मग तिच्या डोक्याला लाकूड लागलं आणि तिने डोळे उघडले.

आईच्या खोलीचं किलकिलं दार होतं ते.

आत आई झोपली होती, तोंड किंचित उघडं, चेहरा निवांत. तिच्या कपाळावर बोटं होती. भुंग्याच्या अंगठ्यावर कॉम्प्युटरच्या तारा जोडताना वितळलेलं शिसं सांडून पडलेला एक डाग होता, तांदळाएवढा. ताईला तो डाग दिसला. बाकीच्या बोटांवरही तोच डाग होता. प्रत्येकावर, त्याच जागी, तसाच.

ती मागे सरकली, रांगत, मोबाईलपाशी आली, ते नेट उघडलं आणि ‘विसरा’वर अंगठा नेला.

“ताई.”

“तू भुंगा नाहीस.”

“बाही राहिलीये गं.”

“आईला सोड. सोड तिला, मी हात जोडते!”

“आईला झोप येतेय.” मग त्याच लाडाच्या सुरात, दारात उभा राहून बोलायचा तसं, “बाही मार. झाली की निघालोच.”

निघालोच. ताईचा अंगठा काचेवर होता आणि ती काच अश्रूंनी ओली झाली होती. तिला ठाऊक होतं पडद्यामागे काय नाही ते. पडद्यामागे भाऊ नव्हता. पण शर्ट तिने शिवलेला होता, आवाज तिने लहानाचा मोठा होताना ऐकलेला होता, आणि हे बटण दाबलं की तो आवाज या घरात पुन्हा कधी ऐकू येणार नव्हता. दाब, ती स्वतःला म्हणाली. अगं दाब ना, तुझी आई आहे आत! अंगठा काही खाली गेला नाही.

७

निळ्या रेघांचं कापड उरलेलं होतं. ताई उरलेलं कापड टाकत नाही, बोचक्यात बांधून ठेवते. तिने ते काढलं, उभ्या पट्ट्या कापल्या, एकीला एक जोडली. ते पुरलं नाही, तेव्हा जुन्या चादरी काढल्या. गिऱ्हाइकं येऊन दारावरून परत गेली. लग्नाचा परकर तसाच पडून राहिला, मुलीकडचे येऊन तोंडाला येईल ते बोलून गेले. ताईने ऐकून घेतलं.

डॉक्टर येऊन आईला बघून गेले. अशक्तपणा आहे, वर्षभराचं जागरण आहे, झोपू द्या, म्हणाले. आई आता जेवायला तेवढी उठायची. भातात चमचा असतानाच तिची मान कलायची. एकदा तिने अर्धवट झोपेत ताईचा हात धरला आणि बराच वेळ चाचपून बघितला.

“हा हात तुझा नव्हे,” ती म्हणाली.

“माझाच आहे गं आई.”

“नाही. तुझा गार असतो.” आणि पुन्हा झोपली.

दुपारी जोडलेली बाही घेऊन ताई पडद्यापाशी जायची, फटीतून आत सरकवायची. आतून कापड ओढलं जायचं, सावकाश, भिंतीच्या कडेने, कपाटाच्या मागून. मग थांबायचं. “थोडी आखूड होतेय,” आवाज यायचा, आणि ताई पुन्हा मशीनवर यायची. पण फरक कमी कमी होत चालला होता, हे तिला मापावरून कळत होतं. काल कपाटापर्यंत पोचली होती. आज आईच्या दारापर्यंत. अजून दोन-चार पट्ट्या, की मनगट येईल. कड दुमडायची, कच्चा दोरा ओढून टाकायचा, आणि तो निघेल. शब्दाचा पक्का होता भुंगा. तासाभरात येतो म्हणाला तेवढा एकदाच चुकला.

ताईने शेवटच्या पट्ट्या मशीनखाली घेतल्या. पडद्यामागे तिचं आवडतं गाणं चाललं होतं. तिने लावलं नव्हतं, तो आपणहूनच गुणगुणत होता. बाहेर ऊन होतं. समोरचा चावीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. आत आईच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता, दोन घोरण्यांमधलं अंतर कालच्यापेक्षा वाढलेलं. ताई थांबून ऐकायची, पुढचं घोरणं आलं की पाय चालवायची.

बाही आज संपवता आली असती. उभी टीप मारायला वेळ तो काय लागतो!

पायपट्टीवर पाय ठेवून ती क्षणभर बसून राहिली. पडद्यामागची गुणगुण कडव्याच्या शेवटाला आली आणि तिथे, पहिल्यांदाच, सूं करून श्वास घेतल्याचा आवाज आला. अगदी त्याच्यासारखा. शिकला होता तो.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने हात पुढे केला आणि मशीनचा टाका अगदी बारीक करून घेतला, सगळ्यात बारीक, म्हणजे वितभर शिवायलासुद्धा अख्खी दुपार जावी. मग ती शिवायला लागली.